दुसरा रहिवासी

क्योतो, १४ जानेवारी

बाबा,

आधी खोकं उघडा, मग काय रागवायचं ते रागवा. उलटं केलंत तर खोकं न उघडताच परत बोटीवर चढवाल, मी ओळखून आहे तुम्हाला.

आत आमच्या कंपनीचं खेळ खेळायचं नवीन यंत्र आहे. मी पैसे घातलेले नाहीत. कंपनीत आम्हाला प्रत्येकाला एक फुकट मिळतं, आणि माझ्याकडे तपासणीसाठी दिलेलं एक आधीच पडून होतं. हे सगळं फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही ‘हां हां’ म्हणून ठेवून दिला असता. चाळीस वर्षं बोटीच्या इंजिनाला कान लावून ऐकणं घालवून बसलेल्या माणसाला फोन कशाला करायचा? म्हणून लिहितेय. नीट वाचा.

आईची ती निळी, घडी घालायची डबी आता फार दिवस चालणार नाही. ती बनवणं आम्ही दोन वर्षांपूर्वीच बंद केलं. तिच्या बॅटऱ्यासुद्धा आता मिळत नाहीत, दुरुस्ती विभागाकडे शेवटची एक पेटी राहिलीय म्हणे. नव्या यंत्राला जुना खेळ घालायची खाचच नाही. त्यामुळे आईचं त्या खेळातलं खाडीकाठचं गाव जगवायचं असेल तर ते उचलून नव्यात नेलं पाहिजे, आणि ते नेण्याची सोय ३१ मार्चला बंद होणार आहे. त्यानंतर मी कितीही डोकं आपटलं तरी काही होणार नाही.

आणि बाबा, गेली तीन वर्षं मी नोकरीत हेच तर करतेय! जुन्यातले लोक नव्यात आणायचे. सुगितानी साहेब त्याला ‘घर हलवणं’ म्हणतात. आमच्या खोलीत एक फळा आहे, त्यावर रोज सकाळी किती घरं पलीकडे पोचली तो आकडा लिहितात. नवं यंत्र कितीही देखणं असो, जुनी माणसं मागे राहिली की कंपनीचं कंबरडं मोडतं. आमच्या धंद्यात असे किती जण बुडाले! सगळ्या देशाला मी घरं हलवायला लावतेय आणि माझा सख्खा बाप साइगोला, बेटावर जुनी डबी धरून बसलाय. ऑफिसात हसतात मला.

काम सोपं आहे. दोन्ही यंत्रं शेजारी ठेवायची, दोघांनाही चार्जर लावायचा, जुन्यात ‘घर हलवा’ दाबायचं आणि चाळीस मिनिटं हात लावायचा नाही. हलवून झालं की जुन्यातलं गाव पुसलं जातं. दचकू नका, एकच गाव दोन ठिकाणी असू नये म्हणून तसं केलंय.

खोक्यात खाली लोणची आहेत. सगळी एकदम संपवू नका.

तुमची,
कानाए

•

साइगो, २७ जानेवारी

कानाए,

लोणची संपली. खोकं परत पाठवणार होतो, पण चार दिवस बोट बंद आहे. समुद्र असा खवळलाय की सीगलसुद्धा पोस्टाच्या छपराखाली येऊन बसलेत.

तुझं यंत्र पाहिलं. छान आहे. पातळ आहे. घडीच होत नाही, मग मिटायचं कसं? खेळून झालं की टपकन मिटायचं, त्यातच तर अर्धी मजा. तुझी आई रागावली की जास्त जोरात मिटायची. आता रागावलेल्या बायकांनी काय करायचं, हे तुमच्या साहेबांना विचार.

मी काही हलणार नाही. सांगून ठेवतो.

तुला वाटतं बाप हट्टी आहे. आहेच. पण तू या खेळाचं यंत्र बनवतेस, खेळ खेळत नाहीस, म्हणून सांगतो. ही डबी मी तिच्या साठीला घेतली होती. गाव तिच्या नावावर. ती सहा महिने माझ्या मागे लागली होती, ‘अहो, तुम्हीपण राहायला या ना, धक्क्याजवळची जागा रिकामी आहे.’ शेवटी कटकट नको म्हणून नाव घातलं. डबी एकच, म्हणून आळीपाळीने. एक जण गावात हिंडत असला की दुसरा आपल्या घरात झोपलेला दिसतो. मी तिच्या दाराशी लाकडं ठेवायचो, ती माझ्या दाराशी संत्री. घरात अबोला असला तरी डबीत संत्री यायचीच. मग मी उठून चहा टाकायचो. असा संसार चालला होता आमचा, तुला कोण सांगणार?

ती गेल्याला दोन वर्षं झाली. फोटोपुढे भात ठेवला की मी डबी उघडतो. माझ्या झोपडीतून निघतो, कुंपणाच्या कडेने चालत तिच्या घरी जातो, आणि खिडकीतून बघतो. ती झोपलेली असते. पांघरूण वर-खाली होतं. तिला उठवायचं तर सुरुवातीला तिच्या नावावर बोट ठेवावं लागतं, ते मी कधी केलेलं नाही. मग परत येतो. एवढंच. तुमच्या फळ्यावर मांडण्यासारखं काही नाही.

जुन्या इंजिनाबद्दल एक ऐक. चालतंय तोवर ते उघडायचं नाही. उघडलं की चार पुर्जे जास्त उरतात आणि ते कुठले ते कोणालाच सांगता येत नाही.

जेवत जा वेळेवर.

बाबा

•

क्योतो, ८ फेब्रुवारी

बाबा,

तुमचं पत्र ऑफिसच्या जिन्यात बसून वाचलं. रडले. मग राग आला. रागाचं आधी सांगते.

डबी उलटी करा. मागचं झाकण जरा फुगलंय का? टेबलावर ठेवून बोटाने टिचकी मारली तर डुगडुगते का? डुगडुगत असेल तर आतली बॅटरी फुगलीय. ती एक दिवस बंद पडेल आणि परत उघडणार नाही. त्या दिवशी ते पांघरूण वर-खाली व्हायचं थांबेल. मग आई दुसऱ्यांदा गेली असं होईल, आणि या वेळेला त्याला तुमचा हट्ट कारण असेल.

हे लिहिलं आणि खोडणार होते. खोडत नाही. बोचू दे.

मला आईला नीट निरोप देता आला नाही, बाबा. जुन्याच्या शेवटच्या तपासण्या चालू होत्या, मी ‘शुक्रवारी येते’ म्हणाले आणि ती गुरुवारी गेली. तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत. बोलला असतात तर बरं झालं असतं. तेव्हापासून माझ्या मनात एकच आहे, निदान तिचं गाव तरी मी सुखरूप पलीकडे नेईन. बाकी लाखभर घरं हलली काय आणि न हलली काय, मला खरं हे एक घर हलवायचंय.

इंजिनाचं म्हणाल, तर हे इंजिन उघडायचं नाहीच आहे, नुसतं एका बोटीतून दुसऱ्या बोटीत ठेवायचंय. आणि पुर्जे मी स्वतः मोजलेत. एकही उरणार नाही.

ऐका ना माझं. एकदाच.

कानाए

•

साइगो, २ मार्च

कानाए,

पत्राला उशीर झाला. आधी बोट बंद, मग मला जरा कणकण. आता ठणठणीत आहे, शेजारच्या योनेदाबाईंनी शंखाच्या मांसाचा भात आणून आणून जीव नकोसा केला.

हलवलं. झालं तुझ्या मनासारखं!

डबी डुगडुगत होती. टिचकी मारली तर भोवऱ्यासारखी फिरली. मग म्हटलं, आता अकलेचं काम. गेल्या रविवारी सकाळी दोन्ही यंत्रं शेजारी ठेवली, चार्जर लावले, सूचना तीनदा वाचल्या आणि दाबलं. चाळीस नाही, बावन्न मिनिटं लागली. तुमच्या साहेबांना सांग.

तुझी आई पोचली. सगळं जिथल्या तिथे आहे. तिची खिडकी, ती तिरकी ठेवलेली खुर्ची, अंगणातली बारा संत्र्याची झाडं. रंग इतके उजळलेत की पहिल्यांदा वाटलं, कोणीतरी रंगारी बोलावला. नव्यात मागच्या डोंगराचा शेंडा दिसतो. इतकी वर्षं त्या डोंगराला शेंडा आहे हेच ठाऊक नव्हतं.

तिला उठवलं. करावंच लागलं. जरा घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू. पण ती उठली, टोपी घातली आणि चालायला लागली. फार हळू चालते. मी माझ्या माणसाला वेगाचे बूट घेतले होते, तिने कधी घेतले नाहीत. तिचं कपाट उघडलं तर माझी सगळी लाकडं आत! एक मोळी विकलेली नाही. दुकानात त्याला चांगला भाव येतो, मी तिला शंभरदा सांगितलं होतं. वेडी बाई.

तेव्हा आता काळजी सोड. फळ्यावर एक वाढवलास का?

गुरुवारचं तू लिहिलंस, त्याबद्दल. मी बोललो नाही कारण बोलण्यासारखं काही नव्हतं. तिने स्वतःच सांगितलं होतं, ‘पोरीला कामातून उठवू नका.’ तिलाही वाटलं होतं शुक्रवार उजाडेल. कोणाची चूक नाही. हे मी दोन वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं, ते माझं चुकलं.

समुद्रातलं वाकामे शेवाळ काढून वाळत घातलंय, पुढच्या बोटीने पाठवतो.

बाबा

•

क्योतो, ९ मार्च

बाबा, माझे बाबा,

फळ्यावर एक वाढवला! खडू मी मागून घेतला. सुगितानी साहेबांनी विचारलं, आज इतकी खूश का, तर म्हटलं, माझ्या आईने घर हलवलं. त्यांना वाटलं आई जिवंत आहे.

आणि गुरुवारचं वाचलं. कितीदा वाचलं ते सांगत नाही.

आता सगळं नीट लिहा. वेगाचे बूट नव्यात अजून वेगाने पळवतात, पाहिलंत का? तुमची धक्क्यावरची झोपडी कशी दिसते? आणि ते कुंपण, ज्याच्यापायी तुम्ही तीन वर्षं किनाऱ्यावर बांबू वेचत होता? पत्रात त्याचं एक अक्षर नाही. आईची खुर्ची आहे, झाडं आहेत, डोंगराचा शेंडासुद्धा आहे. मग स्वतःबद्दल लिहायला काय झालं

१२ मार्च

वरचं वाक्य अर्धं सोडून मला बोलावणं आलं होतं. तीन दिवस पत्र खणात पडून होतं. आता पुरं करते, पण आता ते वेगळं पत्र झालंय.

गिऱ्हाइकांची पत्रं पाहणाऱ्या विभागातून कागद आले. आओमोरीच्या एका बाईंनी लिहिलंय की त्यांनी घर हलवलं, त्या स्वतः पोचल्या, पण त्यांच्या बहिणीचं घर पोचलं नाही. दोघी एकाच यंत्रावर खेळत होत्या. मग असं दुसरं पत्र, मग अकरावं. मी ती सगळी उभ्या उभ्याच वाचली.

बाबा, आम्ही फक्त मालक हलवतो. ज्याच्या नावावर गाव, तो. दुसरा रहिवासी जात नाही.

हे कोणाच्या हातून सुटलेलं नाही. हे ठरवलेलं आहे. दोन वर्षांपूर्वी बैठकीत प्रश्न निघाला होता, दुसऱ्या रहिवाशालाही न्यायचं का? त्याने काम चार महिने वाढत होतं, नवं यंत्र हिवाळ्याआधी बाहेर पडलं नसतं. साहेब म्हणाले, एका यंत्रावर दोघं कुठे कोण खेळतं आता? आम्ही आमच्याच घरांची पाहणी केली. कंपनीतल्या दोनशे घरांत एकही यंत्र दोघांचं नव्हतं. असणारच नाही! आम्हाला प्रत्येकाला फुकट मिळतं ना. नवरा, बायको, मुलं, सगळ्यांची वेगवेगळी. त्या पाहणीवर आम्ही साऱ्या देशाचा हिशेब ठरवला. दुसऱ्या रहिवाशाला न्यायला नको म्हणणाऱ्यांनी हात वर करा म्हणाले, तेव्हा मी हात वर केला. आई त्या वेळी आजारी होती, आणि मला काम लवकर संपवून तिच्याकडे यायचं होतं.

तुम्ही दोघं एकाच डबीवर खेळत होता, हे तुमच्या जानेवारीच्या पत्रात स्पष्ट लिहिलंय. आळीपाळीने, धक्क्याजवळची जागा, सगळं. मी ते जिन्यात बसून वाचलं आणि रडत बसले. त्यात आई तेवढी वाचली. तुम्ही वाचलेच नाहीत. आणि वर तुम्हाला लिहिलं, पुर्जे मी मोजलेत म्हणून.

काल मी बैठक मागितली. सगळ्यांसमोर सांगितलं की हे माझ्या हातानेही झालंय, आणि माझ्या घरीही झालंय. खूप बोलले. आवाज चढला. सुगितानी साहेबांनी स्वतः उठून फळा पुसला. आजपासून घर हलवणं थांबलंय. दुसऱ्या रहिवाशांची सोय होईपर्यंत सुरू होणार नाही, आणि ३१ मार्चची तारीखही पुढे गेली. जे अजून हलले नाहीत ते दोघं-दोघं जातील.

पण जे हललेत त्यांचं काही करता येत नाही. जुन्यातलं पुसलं जातं. मी दुरुस्तीच्या जुन्या लोकांपुढे हात जोडले, दोन दिवस त्यांनी प्रयत्न केले. नाही मिळत.

तुमची झोपडी नाहीये ना तिथे? तुम्ही मला कळू दिलं नाहीत. मीच मागे लागून लागून तुम्हाला दाबायला लावलं. आठ वर्षं तुम्ही तिथे राहिलात, आणि मी तुम्हाला तिच्या शेजारून पुसून टाकलं.

काय लिहू? माफ करा लिहायला हात धजत नाही.

कानाए

•

साइगो, २० मार्च

कानाए,

आधी डोळे पूस. मग नाक. आता वाच.

तू मला फसवलं नाहीस. दाबायच्या आधी पडद्यावर बारीक अक्षरांत पाटी आली होती, ‘फक्त गावाच्या मालकाचं घर हलेल. इतर रहिवासी सोबत येणार नाहीत. चालेल ना?’ चष्मा पुसून तीनदा वाचली. ते शब्द तुझेच असणार. यंत्राच्या नोटिशीत ‘चालेल ना’ असं लाडीगोडीने दुसरं कोण विचारतंय? तेव्हा मला सगळं माहीत होतं. खाली दोन बटणं होती. मी बाहेर जाऊन एक चक्कर मारून आलो, धक्क्यापर्यंत. मग आत येऊन ‘चालेल’ दाबलं.

त्यात विचार करण्यासारखं काय होतं? डबी डुगडुगत होती. दोघांतलं एक जाणार असेल तर ती जाईल. खऱ्यात मला कोणी विचारलं नव्हतं, या वेळी विचारलं. मी तर म्हणेन बरं झालं विचारलंत.

तुला लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तू हे असं काहीतरी केलं असतंस. आता केलंसच, आणि चांगलं केलंस. आओमोरीच्या बाईंना माझ्यातर्फे काहीतरी पाठव. वाकामे दोन पुड्या जास्त पाठवतोय. तुझा मला अभिमान वाटतो, हे लिहून ठेवतो, म्हणजे परत परत सांगायला नको.

आता तुला एक सांगायचंय. कोणाला सांगितलेलं नाही, योनेदाबाईंनाही नाही.

तू लिहिशील, बाबा नवीन नाव घाला, पुन्हा गावात राहायला जा. घालता येतं, पाहिलं मी. नाही घालत. तीन आठवडे मी तुझी आई होऊनच चालतोय. सकाळी तिला उठवतो, टोपी घालतो, सावकाश चालत धक्क्यावर जातो. माझी झोपडी होती तिथे नुसती वाळू आहे. कुंपणही नाही. तिथे ते मासळीवालं पाणमांजर उभं असतं, आठवतं का? ते रोज तिला अडवतं आणि विचारतं, ‘तुमचे हे कुठे दिसत नाहीत ते?’ गावातून कोणी नाहीसं झालं की ही जनावरं असं विचारतात, तुमच्याच लोकांनी शिकवलेलं असणार. उत्तरं दोनच असतात. ‘येतील’ आणि ‘माहीत नाही’.

पहिल्या दिवशी मी तिच्यातर्फे ‘येतील’ दाबलं. दुसऱ्या दिवशीही. ते म्हणतं, ‘बरं, वाट बघा मग.’ आणि ती मान डोलावते. मी काही दाबत नाही, ती आपली आपण डोलावते. नंतर तिला घरी नेलं तर दाराशी काही नसतं. लाकडं नाहीत. तरी मी तिला दारापाशी थोडा वेळ उभी करतो, कारण ती उभी राहिली असती. तिचा स्वभाव मला माहीत आहे.

कानाए, दोन वर्षं मी तिच्या फोटोशी भांडतोय. भात ठेवला की सुरू. तू आधी का गेलीस, ठरलं होतं काय आपलं, मी सहा वर्षांनी मोठा, पहिला नंबर माझा होता. मला या रिकाम्या घरात टाकून गेलीस, स्वयंपाक येत नाही, कानाला ऐकू येत नाही. रोज. तुला वाटत असेल बाबा शांतपणे बसतात फोटोपुढे. शांत कसला, कचाकचा भांडतो.

नवव्या दिवशी पाणमांजराने विचारलं, आणि माझ्याने ‘येतील’ दाबवेना. तिथे धक्क्यावर ती एकटी, टोपी घालून, हातात काही नाही, आणि माझ्या उत्तराची वाट बघत उभी. म्हटलं, म्हणजे मी पहिला गेलो असतो तर हे असं झालं असतं होय. हिने रोज कोणाकोणाला काय काय सांगितलं असतं! तू क्योतोला. घरात ही एकटी. रात्री दार वाजलं तरी दचकणारी बाई ती. आणि ‘येतील’ म्हणाली असती, मला खात्री आहे. सगळ्यांना येतील, येतील म्हणत राहिली असती.

मी यंत्र खाली ठेवलं आणि तिच्या फोटोपुढे जाऊन बसलो. भात गार झाला होता. तिला म्हटलं, हात्सुए, भांडण मिटलं. तू गेलीस ते बरं केलंस. हे मागे राहणं तुला जमलं नसतं. मला जमतंय. मी करतो.

बाबा